थिबा राजवाडा : राजकैद्याचे सरकारी घर

ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा मंडालेतला सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, जळून खाक झाला. आज तिथे पर्यटकांना दिसतो तो १९९०च्या दशकात नव्याने उभारलेला. त्या राजाच्या वास्तव्याची एक मोठी इमारत मात्र आपल्या मूळ जागी, मूळ भिंतींसह अजून उभी आहे. ती ब्रह्मदेशात नाही, आपल्या रत्नागिरीत आहे. या प्रकरणात आपण ती नीट पाहणार आहोत.

रत्नागिरीच्या रिक्षावाल्याला ‘थिबा पॅलेस’ एवढे दोन शब्द पुरतात. राजाचे नाव इथे रस्त्याला आहे, वस्तीला आहे, खाडीवरच्या उंचवट्यालाही आहे. शहरात कुणालाही विचारा, राजवाडा कुठे ते लगेच सांगेल. पण तो कुणी बांधला, कशासाठी बांधला आणि राजा त्यात किती वर्षे राहिला, असे विचारले की उत्तरे विस्कळीत होतात. बरेच जण समजतात की राजाने येऊन आपल्यासाठी राजवाडा बांधून घेतला. वस्तुस्थिती वेगळी आहे. घर इंग्रज सरकारचे, जागा सरकारच्या ताब्यातली आणि दारावर पहारा सरकारी. राहणारा तेवढा राजा होता. हे ध्यानात ठेवून आवारात पाऊल टाकले, तर भिंती-खिडक्या वेगळ्या दिसू लागतात.

समोर उभे राहिलात की पहिली नजर रंगावर जाते. जांभ्याचा आणि विटांचा तांबूस रंग, त्यावर उतरती कौलारू छपरे. मध्यभागी पुढे आलेला दर्शनी भाग आणि त्याच्या दोन्ही अंगांना सारखे पसरलेले पंख. ही तोलून मापून केलेली समोरासमोरची मांडणी युरोपीय वास्तुकलेतून आलेली आहे. इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात लागोपाठ चार जॉर्ज बसले. त्यांच्या काळातल्या घरांना जॉर्जियन म्हणतात, आणि डावी-उजवी बाजू अगदी सारखी ठेवणे हा त्या घरांचा कणा. थिबा राजवाडा त्या शैलीचा नाही. तो १९१०च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे पाचवा जॉर्ज गादीवर आला त्याच वर्षी. तरी सरकारी बांधकाम खात्याच्या हातात समतोलाची ती सवय मुरलेली होती, ती इथे दिसते. त्या आराखड्यावर कोकणच्या पावसाने आपले नियम लादले. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ठिकाणी सपाट गच्ची टिकत नाही. छप्पर उतरते हवे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत, आणि खोल्यांना पडव्यांचा आडोसा हवा. जांभाही इथलाच. खाणीतून निघतो तेव्हा तासायला मऊ, हवा लागली की कठीण होत जाणारा. कोकणातल्या साध्या घरालाही जे चिरे लागतात, तेच राजाच्या घरालाही लागले.

आता खिडक्या पाहा. अर्धगोल कमानींच्या, लाकडी कोरीव कामाच्या या खिडक्या म्हणजे राजवाड्याचा सर्वांत देखणा भाग आहे. त्यांच्यासाठी ब्रह्मी साग वापरल्याचे सांगतात. ब्रह्मी साग हा या साऱ्या कहाणीचा आरंभ आहे, म्हणून खिडकीशी थोडे थांबून मागे जाऊ.

थिबाचा जन्म १८५९चा. वडील मिंडान यांनी मंडाले वसवले. ते कर्ते राजे. १८७८ साली ते गेले आणि राजदरबारातल्या कारस्थानांतून एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या सुमारे ८० जणांची हत्या झाली. गादीवर हक्क सांगू शकतील असे भाऊबंद त्यात संपवले गेले. हत्येचे सूत्रधार नेमके कोण, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ती थिबाच्या नावाने झाली हे टळत नाही. त्याच्या हद्दपारीबद्दल कणव वाटावी असे पुष्कळ आहे, तरी त्या हत्या झाकून ती वाटून घेणे मला बरोबर वाटत नाही.

इंग्रजांशी बिनसायला मात्र वेगळी कारणे होती. एक बुटांचे. ब्रह्मी दरबारात पादत्राणे काढून, जमिनीवर बसूनच राजापुढे जायचे. १८७०च्या दशकाच्या मध्यानंतर इंग्रज सरकारने आपल्या प्रतिनिधीने बूट काढू नयेत असे ठरवले, आणि राजा व इंग्रज वकील यांची भेटच बंद पडली. दुसरे कारण फ्रेंचांचे. व्हिएतनामच्या बाजूने फ्रान्स जवळ येत होता आणि मंडालेचा दरबार त्याच्याशी बोलत होता. तिसरे आणि ठिणगी टाकणारे कारण सागाचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलातला साग तोडत असे. तिने तोड कमी दाखवून राजाचे उत्पन्न बुडवले, असा ठपका दरबाराने ठेवला आणि १८८५ साली सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी सरकारकडे धावली. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टच्या फौजा इरावतीतून बोटींनी वर सरकल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा-राणीला बैल जुंपलेल्या गाड्यांतून नदीकाठी नेले आणि बोटीवर चढवले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला.

मुंबईच्या कंपनीचा साग, त्या सागावरून झालेले युद्ध, आणि हरलेल्या राजाच्या घराला ब्रह्मी सागाच्या खिडक्या. राजवाडा दाखवायला कुणाला घेऊन गेलात, तर इथे ही साखळी जरूर सांगा.

मंडालेहून राजाला आधी रंगूनला, तिथून मद्रासला नेले. मद्रासमध्ये तिसऱ्या मुलीचा जन्म झाला. एप्रिल १८८६ मध्ये बोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागली. सोबत पट्टराणी सुपयालात, तिची धाकटी बहीण आणि राजाची दुसरी राणी सुपयागले, तीन लहान मुली आणि थोडे नोकरचाकर. चौथी राजकन्या पुढच्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली.

रत्नागिरीच का? नकाशा समोर ठेवला की उत्तर मिळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. रेल्वे नाही. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडले, म्हणजे राजा आल्यानंतर एकशे बारा वर्षे. मुंबईशी संबंध बोटींचा, आणि आगोट लागली की समुद्र बंद. मग सारे दळणवळण घाटावरून, चिखलातून. आसपास ब्रह्मी माणूस नाही, ब्रह्मी भाषा कळणारा नाही, राजाला सोडवायला कुणी येईल अशी शक्यता नाही. शिवाय जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कलेक्टर, पोलीस, न्यायालय, सिव्हिल सर्जन सगळे हाताशी. सरकारच्या दृष्टीने जागा अचूक होती. पुढे १९२४ साली विनायक दामोदर सावरकरांना स्थानबद्ध करायचे झाले, तेव्हाही सरकारने रत्नागिरीच निवडली आणि १९३७ पर्यंत त्यांना जिल्ह्याबाहेर जाऊ दिले नाही.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट आता सांगतो. राजा रत्नागिरीत तीस वर्षांहून अधिक काळ होता, पण या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. आधीची चोवीस वर्षे गेली ती आउटरम हॉल आणि बेकर बंगला या दोन बंगल्यांत. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला पुरतील असे ते बंगले. राजा, दोन राण्या, वाढत्या वयाच्या चार मुली, दासी, नोकर, शिवाय ब्रह्मी रिवाजाप्रमाणे लागणारी देवघराची व समारंभांची जागा, एवढे सगळे त्यात कोंबलेले. राजा अर्जामागून अर्ज करी. तनखा पुरत नाही, घर पुरत नाही, मंडालेत इंग्रज अधिकाऱ्याकडे विश्वासाने दिलेली रत्ने परत मिळावीत. त्यातला ‘न्गामाउक’ नावाचा मोठा माणिक ब्रह्मी लोकांच्या आठवणीत आजही आहे. तो कर्नल स्लेडनकडे दिला होता असे राजाचे म्हणणे होते. माणिक परत आला नाही. राजाने बरोबर आणलेली उरलीसुरली रत्ने एकेक करून रत्नागिरीच्या सावकारांकडे गेली.

सरकारी कागदांचा वेग माहीत असलेल्या माणसालाही या प्रकरणातली दिरंगाई खुपते. जागा निवडणे, आराखडा, खर्चाचा अंदाज, मुंबई सरकारची मंजुरी, वरिष्ठ सरकारची मंजुरी, यात राजाची उमेद गेली. एकोणीस वर्षांचा असताना गादीवर बसलेला थिबा या घरात राहायला आला तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. इतक्या उशिरा दिलेल्या वाड्याला मी औदार्य म्हणणार नाही.

आत चला. दर्शनी पोर्चमधून आपण मुख्य दालनात येतो. इथे संगमरवरी फरशीचे नृत्यदालन दाखवतात. या दालनात उभे राहून मंडालेचा राजवाडा डोळ्यांसमोर आणून पाहा. तो साधारण दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनी तटाच्या आत होता. तटाला बारा दरवाजे, बाहेर रुंद खंदक. आत सागवानी खांबांच्या इमारती एका उंच ओट्यावर, पण सगळ्या एकमजली. सिंहासनावर सात टप्प्यांचे निमुळते शिखर. एकमजली असण्यामागे शिष्टाचार होता. राजाच्या मस्तकाहून उंच जागी दुसऱ्या कुणी असणे हा त्याचा अपमान समजला जाई. रत्नागिरीच्या घराला मात्र मजल्यावर मजले आहेत, जिने आहेत. ब्रह्मी राजाला ज्यात वावरायचे नसते, नेमके तसे घर त्याला मिळाले. आराखड्याबाबत राजाचे म्हणणे विचारले गेले होते, काही गोष्टी त्याच्या मनासारख्या झाल्याही. पण घराची मूळ कल्पना इंग्रज अभियंत्याची, आणि तिच्यात राजा म्हणजे मोठ्या कुटुंबाचा प्रतिष्ठित गृहस्थ.

मंडालेत दरवर्षी साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. ब्रह्मदेशातला तो कोरडा पट्टा. तिथून आलेल्या माणसांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली झड सोसली. भिंतींना बुरा, कपड्यांना वास, लाकडाला वाळवी. खिडक्यांच्या कमानी, पडव्यांची रुंदी, छताची उंची हे सगळे त्यासाठी आहे. पावसाळ्यात राजवाडा पाहिलात तर हे चांगले कळते. मी तर सांगेन, पावसाळ्यातच पाहा.

वरून खाडी दिसते. आवारापासून जवळच ‘थिबा पॉइंट’ आहे, तिथून भाट्याची खाडी, काजळी नदीचे मुख आणि पलीकडचा समुद्र नजरेत येतो. राजा इथून समुद्राकडे पाहत बसे, असे रत्नागिरीकर सांगतात. मंडाले समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. समुद्र हे या राजाचे जन्माचे दृश्य नव्हे; ज्या पाण्याने त्याला आणले ते हे पाणी होते. मागील बाजूस एक बुद्धमूर्ती आहे. ती राजाने बरोबर आणली अशी समजूत आहे. ती खरी असो वा नसो, पूजा थांबली नव्हती हे नक्की. १९१४ साली मुलींचे कान टोचण्याचा ब्रह्मी विधी राजाने रत्नागिरीत थाटात केला. थोरली राजकन्या तेव्हा तिशी ओलांडून गेली होती. ब्रह्मदेशात हा विधी वयात येताना होतो.

या चार मुलींकडे इतिहासाने फारसे पाहिले नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. घराच्या आवारात वाढलेल्या, शाळेत न गेलेल्या, पोलिसांच्या नजरेखालच्या मुली. ब्रह्मी राजघराण्यात लग्ने घराण्यातल्या घराण्यात होत. इथे त्या तोलामोलाचा वर आणायचा कुठून? सरकारने काही स्थळे सुचवली, राजाला ती पटेनात. मुली मोठ्या होत गेल्या आणि घरातल्या नोकरांची मराठी शिकत गेल्या. थोरली, म्यात फया जी, हिचे राजाच्या पदरी असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी नाते जुळले. १९०६ साली तिला मुलगी झाली, टुटू. गोपाळरावांचे स्वतःचे कुटुंब होते. राजघराण्याला हा धक्का होता, सरकारी अधिकाऱ्यांना पेच. दुसऱ्या मुलीने राजाच्या मृत्यूनंतर १९१७ साली आईच्या मनाविरुद्ध राजाच्याच पदरच्या खिन माउंग जी यांच्याशी लग्न केले आणि पुढे ती कालिंपाँगला राहिली.

राजघराणे ब्रह्मदेशात परतले तेव्हा थोरली राजकन्याही गेली, पण लेकीला घेऊन ती पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ साली इथेच वारली. टुटूचे लग्न रत्नागिरीत पवारांच्या घरी झाले. ती मराठी बोलली, मराठी घरात नांदली, गरिबीत कष्ट करून मुले वाढवली आणि २००० साली गेली. थिबाची सर्वांत मोठी नात कोकणी बाई म्हणून जगली आणि मेली. राजवाड्याची कहाणी इथे शहराच्या कहाणीत मिसळते. दगड-चुन्यापेक्षा मला हा धागा मोलाचा वाटतो.

१९१२ साली धाकटी राणी सुपयागले रत्नागिरीत वारली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. राणी सुपयालातने दोघांचे देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावेत म्हणून हट्ट धरला. सरकारला धास्ती ही की राजाची समाधी तिथे उभी राहिली, तर ती राजनिष्ठेची जागा होईल. परवानगी मिळाली नाही. देह दफनाविना राखून ठेवले गेले, पत्रव्यवहार चालू राहिला. अखेर १९१९ साली दोघांचेही दफन रत्नागिरीत झाले आणि त्याच वर्षी राणीला मुलींसह रंगूनला जाऊ दिले. ती १९२५ साली रंगूनमध्ये वारली; तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. राजा एकीकडे, राणी दुसरीकडे.

असेच दुसऱ्या बाजूने पूर्वी घडले होते. १८५८ साली दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, इंग्रजांनी रंगूनला नेले आणि १८६२ साली तो तिथेच मातीआड झाला. भारताचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा भारतात. आणि मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे. लोकमान्य टिळक जन्मले रत्नागिरीत, १८५६ साली. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते, आणि तो तुरुंग थिबाच्या जुन्या राजवाड्याभोवतीच्या किल्ल्यातच होता. १९१०च्या अखेरीस थिबा रत्नागिरीच्या नव्या घरात स्थिरावत होता, त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. एक साम्राज्य माणसांना त्यांच्या मातीपासून उचलून दुसऱ्याच्या मातीत कसे ठेवी, ते या दोन पत्त्यांवरून दिसते.

राणी गेली, घर रिकामे झाले. पुढे ते सरकारी कामांना वापरले गेले. काही वर्षे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग इथे भरत. रत्नागिरीतल्या किती तरी जुन्या अभियंत्यांना हा राजवाडा आपले कॉलेज म्हणून आठवतो. आता तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे असून आत वस्तुसंग्रहालय आहे.

मोठ्या घरांचे असे दुसरे जन्म जगभर झालेले आहेत. डब्लिनमध्ये लेन्स्टर हाउस आहे. किल्डेअरच्या अर्लसाठी रिचर्ड कॅसल्स या वास्तुविशारदाने १७४५ ते १७४८ या काळात बांधलेली ती जॉर्जियन हवेली. मालक पुढे लेन्स्टरचा ड्यूक झाला, म्हणून घराचे नाव बदलले. १८१५च्या सुमारास ती डब्लिनच्या विद्यावर्धक संस्थेने घेतली, आणि १९२२ साली आयर्लंड इंग्रजांपासून मोकळा झाल्यावर नव्या राष्ट्राची संसद त्या उमरावाच्या दालनांत भरू लागली. आजही ती तिथेच भरते आणि सामान्य माणसाला आत नेऊन घर दाखवतात. आपल्याकडे पणजीला मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचे घर झाला, मग सचिवालय, आणि गोवा मुक्त झाल्यावर विधानसभा तिथे बसली. २००० साली ती पर्वरीच्या नव्या इमारतीत गेली. मुंबईत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने खलाशांच्या वस्तीसाठी बांधलेल्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममध्ये १९२८पासून विधिमंडळ भरे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्याची विधानसभाही त्याच इमारतीत बसली. आता तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे.

या तिन्ही घरांना लोकांच्या प्रतिनिधींनी नवा अर्थ दिला. उमरावाच्या, सुलतानाच्या, खलाशांच्या छपराखाली कायदे झाले. रत्नागिरीच्या राजवाड्याला तसा दुसरा जन्म पुरतेपणी मिळालेला नाही. वर्ग भरले, वस्तू मांडल्या गेल्या, हे चांगलेच. पण हे घर ज्या कारणासाठी बांधले गेले ते कारणच इथली सर्वांत मोठी प्रदर्शनीय वस्तू आहे. एका देशाने दुसऱ्याचे राज्य घेतले आणि राजाला तिसऱ्याच मुलखात जन्मभर ठेवले, हे भारतात एवढ्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी इमारत मला माहीत नाही.

ब्रह्मदेशाला या जागेचे मोल ठाऊक आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला आले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा ब्रह्मदेशातले त्याचे वंशज इथे समाधीपाशी जमले. १९०२ साली कलकत्त्याच्या संग्रहालयात नेलेले मंडालेचे सिंहासन भारताने १९४८ साली परत केले आणि ते आता यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सिंहासन परत देता आले, घर देता येत नाही. ते सांभाळणे आपल्याकडे आले आहे.

म्हणून पुरातत्त्व खात्याकडे आणि रत्नागिरीकरांकडे मागणे आहे. राजाचे अर्ज, त्यावरची सरकारी उत्तरे, घराच्या आराखड्याचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या प्रती मराठी भाषांतरासह या दालनांत लावाव्यात. चारही राजकन्यांची नावे आणि टुटूची कहाणी भिंतीवर असावी. फलक मराठीबरोबर ब्रह्मी भाषेतही असावेत, कारण त्या भाषेतला वाचक इथे येतो. खिडक्यांच्या सागाचे, कौलांचे, पावसाळ्यात झिरपणाऱ्या भिंतींचे काम जाणत्या सुतार-गवंड्यांकडून दरवर्षी आगोटीपूर्वी व्हावे. कोकणात प्रत्येक घरधनी शाकारणी वेळेवर करतो, सरकारनेही करावी.

आणि वाचकहो, राजवाडा पाहून लगेच गणपतीपुळ्याच्या वाटेला लागू नका. शिवाजीनगरला राजाची आणि धाकट्या राणीची समाधी आहे. रिक्षाने जायला थोडाच वेळ लागतो. राजवाड्याला जेवढे लोक येतात त्यातले फार थोडे तिथपर्यंत जातात. तुम्ही जा.